'नवऱ्याची सही कुठे आहे?' हा प्रश्न दवाखान्यातून हद्दपार करण्यासाठी

बाईच्या हक्कांबद्दल दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचं मत काय आहे, ते विचारून कळत नाही. ते केसपेपरवर दिसतं. आत कुणाला बोलावलं, बाहेर कुणाला थांबवलं, जखमेचं कारण काय लिहिलं, सही कुणाची मागितली, यात ते असतं. म्हणून वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका, समाजसेवा अधीक्षक किंवा प्रशिक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी भाषणाने सुरुवात करू नये. आधी कागद तपासावेत, मग माणसांशी बोलावं, कायदा शेवटी शिकवावा. हा क्रम उलटा झाला की लोक कलमं पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत पुन्हा विचारतात, "तू काय बोललीस, म्हणून त्याने मारलं?"

कर्मचारीही याच समाजातून येतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं, की न सांगता घराबाहेर जाणं, उलट बोलणं, स्वयंपाक नीट न करणं, सासरच्यांचा मान न ठेवणं अशा सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने मारलं तर ते योग्य आहे. नर्सिंगची किंवा एमबीबीएसची पदवी हातात आली म्हणून हे आपोआप पुसलं जात नाही. त्यात कुणाला शरमवायचं कारण नाही. पण हे गृहीत धरूनच कामाला लागायचं.

आधी कागद

मागच्या तीन महिन्यांतले ३० केसपेपर काढा. जखमी होऊन आलेल्या, विष किंवा फिनेल प्यायलेल्या आणि भाजलेल्या बायकांचे, शिवाय एकाच तक्रारीसाठी वारंवार आलेल्यांचे. प्रत्येक कागदावर चार गोष्टी पाहा. कारण कुणी सांगितलं, बाईने की सोबतच्या माणसाने? कारण आणि जखम जुळतात का? (दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांएवढे काळेनिळे डाग असतील तर "बाथरूममध्ये पाय घसरला" हे जुळत नाही.) तिच्याशी एकटीशी बोलल्याची नोंद आहे का? आणि पुढे कुणाकडे पाठवलं?

त्याच वेळी गर्भपाताची, कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेची आणि तांबी बसवल्याची २० संमतिपत्रं काढा. नवऱ्याची सही किती कागदांवर आहे ते मोजा. हा आकडा जितका मोठा, तितकं काम बाकी.

यानंतर निनावी प्रश्नपत्रिका. "स्त्री-पुरुष समान आहेत का?" असं विचारलं तर सगळे 'हो' म्हणतील आणि कागद वाया जाईल. त्याऐवजी प्रसंग द्या आणि "सगळ्यात आधी काय कराल? काय लिहाल? परवानगी कुणाची घ्याल?" एवढंच विचारा. पाच प्रसंग पुरतात: तिसऱ्यांदा जबड्याला मार लागून आलेली २४ वर्षांची बाई आणि तिच्या वतीने बोलणारा नवरा, नऊ आठवड्यांची गरोदर, अविवाहित २१ वर्षांची मुलगी, नवरा परगावी असताना कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घ्यायला आलेली, दोन मुलींची ३२ वर्षांची आई, बलात्कार झाला असं सांगणारी, वेश्याव्यवसायातली बाई, आणि वरिष्ठ डॉक्टर अंगचटीला येतात असं सांगणारी तुमच्याच वॉर्डातली सिस्टर. उत्तरं दिलेल्या पर्यायांवर खुणा करून घ्यावीत, लिहून नकोत. लहान दवाखान्यात अक्षरावरून माणूस ओळखू येतो, आणि ओळखलं जाण्याची भीती असली की खरं उत्तर मिळत नाही.

प्रशिक्षणाची मांडणी

एका गटात २० ते २५ जण, त्याहून जास्त नकोत. पहिल्या बैठकीत डॉक्टर आणि मावशींना एकत्र बसवू नका, कारण सर बोलले की मावशी गप्प होतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून एकत्र आणा. एका दिवसात सगळं उरकण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास, असे सहा आठवडे चालतात. मधल्या दिवसांत लोक वॉर्डात करून बघतात आणि अडचण घेऊन परत येतात. केसपेपर काढणारा कारकून, सुरक्षारक्षक आणि वॉर्डबॉय यांना वगळू नका. "काय झालं, कुणी मारलं?" हे रांगेसमोर मोठ्याने विचारणारा पहिला माणूस बहुधा त्यांच्यातला असतो, आणि तिथेच तोंड मिटलं की आत डॉक्टरांसमोर ते उघडत नाही.

प्रत्येक गटात एक आक्षेप हमखास येतो: "बायकाही कायद्याचा गैरवापर करतात." यावर वाद घालत बसू नका. आपलं काम निकाल देणं नाही. उपचार करणं, जे सांगितलं आणि जे दिसलं ते लिहिणं आणि पुढची वाट दाखवणं हे आपलं काम. खरं-खोटं ठरवायला न्यायालय आहे, आणि त्या न्यायालयाला नीट लिहिलेला केसपेपर लागतो. हे तीन-चार वेळा शांतपणे सांगावं लागतं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. दोनशे पेशंटच्या ओपीडीत अर्धा तास एकीला देता येत नाही. म्हणून काम वाटून घ्या. डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायचा, उत्तर 'हो' आलं तर सिस्टरने तिला दुसऱ्या खोलीत न्यायचं, पुढचं बोलणं प्रशिक्षित सिस्टर किंवा समुपदेशक करतील. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र याच विचारावर उभं आहे: हिंसेला तोंड देणाऱ्या बाईसाठीची जागा दवाखान्याच्या आतच असावी. कारण पोलीस ठाण्याची पायरी चढायला ती कचरते, पण दवाखान्यात येण्याला घरचे सहसा अडवत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालय असेल तर आणखी एक आधार आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने स्त्रीरोग, न्यायवैद्यक, सामाजिक वैद्यक, मेडिसिन आणि मनोविकार या विषयांत लिंगभावाचा विचार गुंफलेले पाठ स्वीकारले आहेत. विभागप्रमुखांशी बोलताना त्यांचा दाखला द्या.

एक गोष्ट विसरू नका. समोर बसलेल्यांपैकी काहीजणी स्वतः घरी मार खात असतात. बैठकीच्या सुरुवातीलाच सांगा, की कुणीही कारण न देता उठून बाहेर जाऊ शकतं. बाहेर एक समुपदेशक बसलेली हवी. "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आहे का?" असं गटात कधीही विचारू नका.

बाईशी बोलायचं कसं

एकांत मिळाल्याशिवाय विचारायचंच नाही. पडदा म्हणजे एकांत नव्हे, पलीकडे सगळं ऐकू जातं. नवऱ्याला किंवा सासूला बाहेर पाठवायला दवाखान्याची नेहमीची कामं पुरतात: रक्ताची चिठ्ठी देऊन प्रयोगशाळेत पाठवा, औषधांच्या खिडकीवर पाठवा, "तपासणी आहे, बाहेर थांबा" म्हणा. संशय येईल असं काही करू नका. भाषेची अडचण असेल तर दुभाषा म्हणून नातेवाईक किंवा मूल चालणार नाही.

सरसकट प्रत्येकीला विचारावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. जिथे खूण दिसते तिथे विचारावं असं सांगते. खुणा अशा: न जुळणारं कारण, उशिरा आणलेली जखम, कारण न सापडणारी जुनाट डोकेदुखी किंवा ओटीपोटाचं दुखणं, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, आत्महत्येचा प्रयत्न, तपासणीला कधीच न येऊ शकलेली गरोदर बाई. सुरुवात अशी करता येते:

"ताई, अशा जखमा घरात मारहाण झाली की होतात, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. घरी कुणी हात उगारतं का?"

"घरी कुणाची भीती वाटते का?"

"तुमच्या मनाविरुद्ध जवळ येतात का?"

ती 'नाही' म्हणाली तर तिथेच थांबा. "ठीक आहे. कधी बोलावंसं वाटलं तर या, मी किंवा दुसरी सिस्टर इथे असेल." पहिल्या भेटीत नाकारणारी बाई नंतरच्या भेटीत बोलते, पण पहिल्यांदा तिच्यावर दबाव आणला नसेल तरच. 'हो' म्हणाली तर पहिलं वाक्य ठरलेलं असावं: "यात तुमची चूक नाही. सांगितलंत ते बरं केलंत." मग धोका किती आहे ते पाहायचं: मार वाढतोय का, गळा आवळला होता का, हत्यार काढलं होतं का, जिवे मारायची धमकी आहे का, मुलांना मारतो का, जीव द्यावासा वाटतो का, आणि आज घरी जाणं सुरक्षित आहे का. गळा आवळल्याचं कळलं तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांनी लगेच तपासावं. आत सूज वाढून श्वास अडू शकतो.

"पदरात लेकरं आहेत, सांभाळून घे", "सगळ्यांच्याच घरी असतं", "सोडून का देत नाहीस त्याला?" ही तीन वाक्यं वॉर्डात बंद करा. तिसरं वाक्यही तितकंच घातक आहे. घर सोडायच्या काळातच हल्ल्याचा धोका वाढतो. कुठे जायचं, पैसे कुठून आणायचे, मुलांची शाळा, कागदपत्रं हे ठरल्याशिवाय सोडायला सांगणं म्हणजे तिला संकटात ढकलणं. नवऱ्याला बोलावून "समजावणं" तर अजिबात नको. तिने दवाखान्यात सांगितलं हे त्याला कळतं आणि घरी गेल्यावर त्याची शिक्षा तिला मिळते.

माहितीपत्रक हातात देण्याआधी विचारा, "घरी कुणी पिशवी किंवा मोबाइल तपासतं का?" तपासत असतील तर महिला मदत क्रमांक १८१ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक तिला तोंडपाठ करायला सांगा.

लिहायचं कसं

"घरगुती भांडणातून किरकोळ दुखापत" असं लिहू नका. हे वाक्य न्यायालयात तिच्याविरुद्ध वापरलं जातं. तिचे शब्द तिच्याच नावावर लिहा: "पेशंट सांगते, की काल रात्री दहाच्या सुमारास पतीने लाकडी दांड्याने डाव्या हातावर मारलं." खाली तुम्हाला दिसलेलं: "डाव्या अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूला ६ बाय २ सेंमी, लालसर निळा वळ." जागा, लांबी-रुंदी, रंग, आणि शरीराच्या आकृतीवर खूण. जुन्या जखमा वेगळ्या नोंदवा. 'तथाकथित', 'म्हणे', 'आरोप करते' हे शब्द टाळा. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या कागदावर आपण 'दुखत असल्याचा आरोप' लिहीत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५चा, आणि तो लागू आहे २६ ऑक्टोबर २००६पासून. त्याच्या कलम ७प्रमाणे मागणी झाल्यावर दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात. २००६च्या नियमांतला नियम १७ याहून नेमका आहे: आधी घटना अहवाल (हिंसेची कायद्यातली नोंद) नोंदवला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने नमुना १ (या अहवालाचा ठरलेला फॉर्म) भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची. नमुना १च्या कोऱ्या प्रती कॅज्युअल्टीच्या कपाटात नसतात, हीच बहुतेक ठिकाणची अडचण. ५० प्रती काढून ठेवा आणि जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा व वन स्टॉप सेंटरचा (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राचा) चालू क्रमांक फळ्यावर लावा. दर सहा महिन्यांनी तो क्रमांक लावून पाहा, बदल्या होतात.

विष प्यायलेल्या बाईला "पोलीस केस होईल" म्हणून धमकावणारे अजून भेटतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं आणि तिच्यावर खटला भरला जात नाही. तिला उपचार आणि आधार द्यायचा असतो. भाजलेल्या बाईचा जबाब घेताना ती शुद्धीवर आणि जबाब देण्याच्या स्थितीत आहे हे डॉक्टरांनी वेळेसह लिहावं. सासरचं कुणी खोलीत नको, दारातही नको.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर

इथे कर्मचाऱ्यांच्या पूर्वग्रहाची किंमत सगळ्यात जास्त. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने तात्काळ आणि मोफत उपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २००खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. "आधी एफआयआर आणा" असं म्हणता येत नाही. पोलिसांना कळवणं दवाखान्याचं कर्तव्य आहे, पण तक्रार द्यायची की नाही हे प्रौढ बाईने ठरवायचं. ती नको म्हणाली तर 'सगळं समजावून सांगितल्यावर दिलेला नकार' म्हणून नोंदवा आणि उपचार चालू ठेवा. तपासणी, नमुने, उपचार या प्रत्येकासाठी संमती वेगळी घ्या. तपासणीला हो आणि नमुन्यांना नाही, असंही ती म्हणू शकते. बालिकेची तपासणी पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) महिला डॉक्टरांनीच करायची.

'दोन बोटांची तपासणी', म्हणजे योनीत बोटं घालून तिला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवणं, करू नका. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ला सांगितलं, की ती करणारा गैरवर्तणुकीचा दोषी ठरेल. 'शरीरसंबंधांची सवय असलेली', 'योनिपटल जुनं फाटलेलं' अशी वाक्यं अहवालातून गेलीच पाहिजेत. बांधा कसा आहे, अंगात ताकद किती, हे प्रतिकाराशी जोडून लिहू नका. जखम नाही म्हणजे अत्याचार नाही असं होत नाही. भीतीने शरीर गोठतं, शिवाय दिवस गेले की जखमा भरतात.

आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुराव्याचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतात. त्यानंतर आली तरी तपासणी आणि उपचार टाळायचे नाहीत. नमुने आणि कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात बंद करा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा नासतो. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक मात्रा, शक्यतो ७२ तासांच्या आत. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत, आणि ती २८ दिवस पूर्ण घ्यायची. त्यासाठी पाठपुराव्याची तारीख तिच्या सोयीने ठरवा, नाहीतर औषधं अर्ध्यावर सुटतात.

सहीचा प्रश्न

गर्भपातासाठी १८ वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची, आईवडिलांची, कुणाचीही सही लागत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत, २० ते २४ आठवड्यांत नियमांत दिलेल्या गटांसाठी दोन डॉक्टरांचं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, वैवाहिक स्थिती बदललेल्या अशा बायका त्या गटांत येतात. अविवाहित बाईला या गटांतून वगळता येणार नाही, आणि गर्भपाताच्या कायद्यापुरता 'बलात्कारा'त नवऱ्याने केलेलाही धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलं. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची संमती लागते आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं. पण त्याच निकालाप्रमाणे मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिचं नाव व ओळख कळवण्यात द्यायची गरज नाही. हे माहीत नसल्याने मुली भोंदूंकडे जातात.

अनेक डॉक्टर सोनोग्राफीच्या धाकाने कायदेशीर गर्भपातही नाकारतात. दोन कायदे वेगळे आहेत. १९९४चा कायदा गर्भलिंग निदान रोखतो, १९७१चा गर्भपाताला परवानगी देतो. पहिल्याच्या भीतीने दुसऱ्यातला हक्क काढून घेता येत नाही.

कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया आणि तांबीलाही जोडीदाराची सही लागत नाही. "उद्या नवरा भांडायला आला तर?" ही भीती खरी असते, म्हणून अधीक्षकांनी लेखी आदेश काढून संमतिपत्रावरचा तो रकानाच छापायचा बंद करावा. रकाना असला की कारकून तो भरून घेतोच. उलट बाजूही पाहा: बाळंतपणानंतर न विचारता बसवलेली तांबी हाही हक्कभंगच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. "मुलं झाली ना, आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य तपासणीच्या खोलीत किती सहज बोललं जातं, ते ऐका. पांढरं जाणं आणि पोटदुखी यांवर आधी औषधं, तपासण्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत, हे झाल्याची नोंद असल्याशिवाय ती शस्त्रक्रिया यादीत घेऊ नका.

लेबर रूम

"तेव्हा नाही का ओरडलीस?", मांडीवर चापट, टाके घालताना भूल न देणं, तिसरी मुलगी झाली म्हणून हळहळ, आणि मुलासाठी वेगळी, मोठी बक्षिशी. हे सगळं शिस्त किंवा रीत म्हणून चालतं. बंद करायला दोन गोष्टी लागतात. बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीची एक बाई आत राहू द्या. साक्षीदार असला की हात आणि जीभ दोन्ही आवरतात. आणि बाळ जन्मल्यावर बोलायचं वाक्य ठरवून द्या: "बाळ छान आहे, तुम्हीही छान आहात." मुलगा की मुलगी हे त्यानंतर, एकाच सुरात. बक्षिशी घेणाऱ्या मावशींवर एकट्यावर कारवाई करून भागत नाही. कंत्राटी मावशींचा पगार वेळेवर होतो का, हेही त्याच दिवशी तपासा.

कर्मचारी बायकांचं काय

ज्या सिस्टरला स्वतःच्या वॉर्डात सुरक्षित वाटत नाही, तिच्याकडून पेशंटच्या हक्कांची अपेक्षा करणं अन्याय आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला, एक बाहेरची सदस्य. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. समितीची नावं भिंतीवर आहेत, पण अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, असं होऊ देऊ नका. कंत्राटी सिस्टर, विद्यार्थिनी आणि आशा ताईसुद्धा तक्रार करू शकतात, हे त्यांना स्पष्ट सांगा.

तीन महिन्यांनी पुन्हा ३० केसपेपर आणि २० संमतिपत्रं काढा, तेच चार प्रश्न लावा. नवऱ्याच्या सह्या कमी झालेल्या दिसतील. हिंसेच्या नोंदी मात्र वाढलेल्या दिसतील, आणि जिल्ह्याच्या बैठकीत त्यावरून विचारणा होईल. हिंसा वाढली म्हणून त्या वाढलेल्या नसतात. आधी 'पडून दुखापत' म्हणून लिहिलं जायचं ते आता खरं लिहिलं जातंय. बैठकीला जाताना जुन्या नोंदी सोबत न्या आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून दाखवा.